दाजीच्या बंदुकीवरचा दुसरा बाण

“सांग मरे तेंका, परबा. तोंडात मिठाची गुळणी धरलंस काय? ही चोरीची नाय म्हणान सांग.”

दाजी घाग ओरडत होता. काळाचौकीच्या आमच्या चाळीत, दुसऱ्या माळ्याच्या गॅलरीत, दसऱ्याच्या दिवशी सकाळी. दाजी ओरडला तेव्हा खाली रस्त्यावरची बस ब्रेक मारून थांबली, असं मी पुढं कितीतरी वर्षं सांगत आलो. बस वगैरे काही थांबली नव्हती. चाळीतली माणसं मात्र होती तिथं थांबली होती, कुणाच्या हातात दात घासायचा ब्रश, कुणाच्या हातात आंब्याचं तोरण. दाजीचा दंड हवालदाराच्या मुठीत होता. समोर स्टुलावर फौजदार बसला होता. फौजदारापुढं पाटावर दाजीची बंदूक होती — हळदकुंकवानं माखलेली, नळीला झेंडूचा हार घातलेली. आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी तोंड उघडलं. काय बोललो ते पुढं येईलच.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणाल, परब, तू आणि न सांगितलेलं? बरोबर आहे तुमचं. आमच्याकडं दूध नासलं तरी मी त्याची अशी कथा करायचो, की तळमजल्यावरची माणसं वर बघायला यायची. ह्याच दाजीची, ह्याच बंदुकीची गोष्टही मी शंभरदा सांगितली आहे — लालबागच्या हॉटेलांत, लग्नाच्या पंगतींत, अलीकडं तर दादरच्या एका हॉलात माइक धरून. ती तुमच्या कानावर आली असेल तर पुसून टाका. तिच्यात सगळं आहे. मी काय केलं तेवढं नाही.

आणि रागावून लिहितोय, हे आधीच सांगतो. कुणावर? थांबा. ते एका वाक्यात सांगता आलं असतं तर मी एवढी वर्षं कशाला गप्प बसलो असतो?

मिलमध्ये मी फिटर, वर्कशॉपला. यंत्राचा सुटा भाग दुरुस्त होऊन निघाला की त्याच्यावर पंच धरायचा आणि हातोडीनं नंबर उठवायचा, हे माझं काम. वर्षानुवर्षं लोखंडावर आकडे ठोकले की डोळ्याला खोड लागते. ठोका सरळ पडलाय की तिरका, ठोकणारा डावखुरा होता का, पंच नवा होता की झिजलेला — मला दिसायचं. ह्या खोडीनं मला जुन्या फौजी बंदुकांकडं नेलं. गोऱ्या सरकारची बंदूक म्हणजे अंगभर छाप. मुकुट, मुकुटाखाली राणीच्या नावाची अक्षरं, कारखान्याचं नाव, साल, तपासनिसाचा बारका शिक्का, मागच्या लाकडी दस्त्यावर पलटणीचा नंबर. वाचता आलं तर ती कुठं जन्मली, कुणाच्या खांद्यावर फिरली, कुठल्या कोठारात पडून राहिली, सगळं कळतं.

आता गिरणी कामगाराला बंदुका जमवणं कसं परवडणार? आणि परवडलं तरी परवाना कोण देणार? म्हणून मी बंदुका जमवल्या नाहीत, छाप जमवले. पतंगाचा पातळ कागद छापावर ताणून धरायचा, चिंधीला काळं बूटपॉलिश लावायचं आणि हलक्या हातानं घासायचं. लोखंडावरचा छाप कागदावर उतरतो. चोरबाजारातले भंगारवाले, मलबार हिलच्या बंगल्यांचे रखवालदार, नाटक-सिनेमाला सामान पुरवणारे — सगळ्यांच्या दाढ्या धरल्या. असे तीनशेच्या आसपास कागद एका जाडजूड वहीत चिकटवलेले होते. सांगताना मी तीन हजार सांगायचो. एका निवृत्त कर्नलनं मला खाडकन सलाम ठोकला असं सांगायचो, आणि डोळे बांधून नुसती बंदूक चाटली तरी तिचं साल सांगतो असंही सांगायचो. ह्यातलं चाटण्याचं तेवढं खरं आहे. साल कळत नाही, गंज कळतो.

एक छाप तुम्हाला समजावून सांगायला हवा, कारण सगळं त्याच्यावर आहे. पाखराच्या पावलासारखा दिसतो — तीन रेघा, एका टोकाला जुळलेल्या. बाण म्हणतात त्याला. तो ज्या वस्तूवर असेल ती सरकारची. बंदूक असो, घमेलं असो, सरकारची. पुढं सरकारनंच ती वस्तू रीतसर विकली किंवा देऊन टाकली, तर तपासनीस त्या बाणासमोर दुसरा बाण ठोकायचा, उलटा, टोकाला टोक भिडवून. दोन पाखरं समोरासमोर उभी राहून पावलांची टोकं जुळवतायत असं दिसतं ते. एक बाण म्हणजे सरकारी माल. दोन बाण म्हणजे सरकारनं हात झटकले, आता ती ज्याच्याकडं आहे त्याची.

एवढंच लक्षात ठेवा.

दाजी आमच्याच मिलमध्ये विणकर. माझ्या समोरची खोली. त्याच्याबरोबर त्याचे म्हातारे वडील राहायचे, त्यांना सगळी चाळ तात्या म्हणायची. बंदूक तात्यांच्या वडिलांची. ते गोऱ्यांच्या पलटणीत शिपाई होते. पलटणीनं जुन्या बंदुका मोडीत काढल्या तेव्हा साहेबानं त्यातली एक त्यांना दिली. मार्टिनी जातीची, खालचा दांडा ओढून एकेक गोळी भरायची. आतला खटका गावच्या पोलीसपाटलानं कधीच काढून घेतलेला, त्यामुळं ती उडायची नाही, नुसती मिरवायची. दिल्याचा कागद होता, तो गावच्या घरात वाळवीनं खाल्ला. कागद गेल्यावर उरलं तात्यांचं वाक्य — “सरकारान आपल्या हातान दिलेली हा. माझ्या बापसान मागल्यान नाय नि चोरल्यान नाय.” खंडेनवमीला बंदुकीला कुंकू लावताना तात्या हे दरवर्षी म्हणायचे, आणि म्हणताना त्यांची पाठ सरळ व्हायची.

संपाच्या वर्षी खंडेनवमी आली तेव्हा गिरणीला कुलूप लागून नऊ महिने होत आले होते. एरवी त्या दिवशी विणायच्या साच्यांना हार पडायचे, नारळ फुटायचे, खात्याखात्यात पेढे. त्या वर्षी यंत्रं आत आणि आम्ही बाहेर. हातात फुलं घेऊन माणूस उभा, आणि वाहायची कशाला ते कळेना. तेव्हा तात्या म्हणाले, बंदूक बाहेर घ्या, गॅलरीत ठेवा, ज्याला वाहायची त्यानं वाहावीत, हत्यार ते हत्यार. सबंध चाळीनं पूजा केली. कुणी घरात जपलेला मागावरचा जुना धोटा आणून शेजारी ठेवला. बायका रडल्या. मीही कुंकू लावलं, चांगलं बोट भरून. कुठं लावलं ते मला आजही दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस आले. संपकऱ्यांच्या चाळीत बंदूक निघाली, अशी खबर कुणीतरी दिली होती.

फौजदार भला माणूस होता. ही गोष्ट रंगवताना मी त्याला मिशा लावतो आणि तोंडात शिव्या घालतो. खरा फौजदार सडपातळ होता आणि त्यानं गॅलरीत येताना पायातले बूट काढले. आदल्या दिवशी त्याच्याही चौकीत शस्त्रपूजा झाली असणार. हवालदार बंदुकीवरचं कुंकू पुसायला लागला तर तात्या आडवे आले. उत्तरपूजा व्हायची आहे, त्याआधी पुसू नका म्हणाले. फौजदार म्हणाला, “राहू दे रे. नुसती बघ.” म्हणजे बघा — तात्यांनी देवाधर्मापायी अडवलं, फौजदारानं देवाधर्मापायी ऐकलं, आणि छाप कुंकवाखालीच राहिला. दोघांतला एकजण जरी नास्तिक असता तर मला आज काही लिहावं लागलं नसतं.

फौजदारानं कागद मागितला. कागद नव्हता. मग त्यानं विचारलं, ही सरकारी आहे की खासगी, हे सांगणारा कुणी आहे का? बेचाळीस खोल्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. का नाही दाखवणार? मीच त्यांचे कान किटवले होते ना? दाजी तर ओरडायलाच लागला. त्याला वाटलं, आपला माणूस आहे, दोन शब्दांत सुटका करील.

मी पुढं झालो. माणूस पुढं होतो तसा नव्हे — नट विंगेतून येतो तसा. गुडघ्यावर बसलो, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. पुसायची गरज नाही, म्हणालो, माझा अंगठा कुंकवाखालचं वाचतो. मुकुट लागला. मुकुट, म्हणालो. अक्षरं लागली. अक्षरं, म्हणालो. बाण लागला. त्याच्या पुढची जागा लाकडाच्या कडेला लागून, तिथं किती नवम्यांचं तेलकुंकू बसून त्याचा पापुद्रा झालेला, वर कालचा सबंध चाळीचा थर. अंगठ्याला सपाट लागलं.

“एकच बाण,” मी म्हणालो. “सरकारी माल आहे, साहेब. विकल्याची खूण नाही.”

दाजीचं ओरडणं मध्येच तुटलं. तात्या बंदुकीकडं बघत राहिले.

तर हा माझा गुन्हा — घाईनं, शेखीपायी चुकीचं वाचलं. अंगठ्याला कुंकवानं फसवलं. खेद वाटतो, माणूस आहे, चुकतो. तुम्हालाही हे पटलं असेल. पटलं ना? इथं मी थांबलो तर तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवाल.

ठेवू नका. हेसुद्धा मी रचलेलंच आहे. म्हणजे घडलं असंच, पण इथं थांबणं ही लबाडी आहे. बायको जायच्या आधी मी तिला इथपर्यंत सांगितलं होतं. ती म्हणाली, जाऊ दे, तुमच्या मनात पाप नव्हतं. आणि मी हो म्हणालो. मरायला टेकलेल्या बायकोकडून मी खोटी माफी घेतली. आता कळलं, मला राग कशाचा येतो ते?

पुढचं सांगतो.

फौजदार म्हणाला, एक बाण म्हणजे सरकारी, हे कशावरून? मला पंचनाम्यात लिहावं लागेल. मी म्हटलं, माझ्याकडं वही आहे, आणून दाखवतो. तेव्हा तो म्हणाला, “आणा, परबसाहेब.”

परबसाहेब. नऊ महिने संपावर असलेला फिटर मी. रेशनच्या रांगेत ज्याला “ए, मागं हो” म्हणायचे तो. बायकोच्या शिवणाच्या कामावर चूल पेटत होती. सबंध चाळीदेखत एक फौजदार, तोही अनवाणी, मला साहेब म्हणाला.

मी खोलीत गेलो आणि ट्रंकेतून वही काढली. एका बाणाचा झकास नमुना होता माझ्याकडं, मधल्या पानांत कुठंतरी. वही उघडली ती पहिल्याच पानावर उघडली. ते पान मी कधी कुणाला दाखवत नसे. माझा पहिलावहिला कागद. पेन्सिलीनं घासलेला, कडा फाटलेल्या, शिकाऊ हात. मी नंतर बूटपॉलिश वापरायला लागलो, मग त्या पानाची लाज वाटायला लागली. सरळ पुढं उलटायचो. किती वर्षांत ते नीट बघितलंच नव्हतं.

त्या दिवशी बघितलं. मुकुट, अक्षरं आणि त्यांच्याखाली दोन बाण. टोकाला टोक भिडलेले, स्वच्छ. बाजूला माझंच अक्षर — “दाजी घाग, मार्टिनी.”

त्याच्या दहा-अकरा वर्षं आधी एका रविवारी दाजीनंच ती बंदूक रॉकेलनं आणि जुन्या ब्रशनं घासून लख्ख केली होती आणि मला बोलावलं होतं, ये, बघ काय काय लिहिलंय. तिथून मला हा नाद लागला. माझ्या सगळ्या संग्रहाचं पहिलं पान म्हणजे दाजीची बंदूक. तेव्हा मला दोन बाणांचा अर्थ माहीत नव्हता. अर्थ पुढं एका म्हाताऱ्या बंदूक-दुरुस्तीवाल्यानं शिकवला, आणि शिकल्यावर मी मागं वळून पहिलं पान बघितलं नाही. नव्या विद्येच्या तोऱ्यात कोण मागं बघतो?

वही हातात धरून मी उभा होतो. दार उघडं होतं. माझ्या उंबऱ्यापासून फौजदाराच्या स्टुलापर्यंत सहा पावलं. हे सहा मी वाढवून सांगत नाही आणि कमीही करत नाही. नंतर मी ती जागा किती वेळा चालून मोजली आहे. बाहेर दाजीचा आवाज आता खाली आला होता, तो हवालदाराला काहीतरी समजावत होता. मला एवढंच म्हणायचं होतं — साहेब, चुकलो, हे बघा, दोन बाण आहेत, पुसून बघा.

मी पान उलटलं.

मधलं पान काढलं, एका बाणाचं, दुसऱ्याच कुठल्या बंदुकीचं. ते घेऊन सहा पावलं चाललो आणि फौजदाराला दाखवलं. तो म्हणाला, “वा.” पंचनाम्याखाली माझी सही घेतली. सही मी जरा मोठी केली.

तर हे असं आहे. चुकीचं वाचलं होतं हे मला दाजीला नेण्याआधी कळलं होतं. तो अजून गॅलरीत उभा होता. हात लांब केला असता तर त्याच्या खांद्याला लागला असता. आणि मी “परबसाहेब” हे दोन मिनिटं जुनं नाव सोडायला तयार झालो नाही. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी काही देऊ केलं नव्हतं. माणूस भुकेपायी घसरला, पोरांच्या तोंडाकडे बघून घसरला, तर त्याला काही नाव तरी देता येतं. मी एका हाकेपायी घसरलो. ह्याचा मला संताप येतो. पापसुद्धा किती हलकं केलं मी.

दाजी चार दिवस आत होता. जामीन झाला, पण चोरीच्या सरकारी मालाची केस चिकटली. पुढं मिलचा एक भाग सुरू झाला तेव्हा गेटावर नावांची यादी लागली. माझं नाव होतं. ज्यांच्यावर पोलीस केस त्यांना घ्यायचं नाही, असं ठरलेलं. दाजीचं नाव नव्हतं. तो नायगावला एका गोडाऊनवर रखवालदार झाला. आणि मला कृपा करून कुणी असं सांगू नका, की मिल काही वर्षांनी सगळ्यांचीच बंद पडली, दाजी आत गेला असता तरी बाहेरच आला असता. हे वाक्य माझं आहे. वर्षानुवर्षं मी त्याच्याखाली बसलो आहे.

वकील एकदा माझ्याकडं येऊन गेला. दमलेला माणूस, बगलेत फाइल. त्यानं सांगितलं, सरकारनं विकल्याची खूण असती तर साधी विनापरवान्याची बाब झाली असती, दंडावर सुटला असता. मग विचारलं, “नक्की एकच बाण ना, परब?” बंदूक तेव्हा पोलिसांच्या मालखान्यात पडून होती, अंगावर तेच वाळलेलं कुंकू घेऊन. कुणी ओलं फडकं फिरवलं असतं तरी झालं असतं. मी म्हणालो, “नक्की.” सहा पावलांच्या वेळी निदान भांबावलो होतो असं म्हणता येईल. वकील आला तेव्हा मी जेवून आरामात बसलो होतो.

पण दाजीचं एक वेळ सोडा. खरं मोडले ते तात्या.

त्यांना केसचं काही नव्हतं. बापानं आपल्याला खोटं सांगितलं, ह्याचं होतं. आयुष्यभर जे वाक्य म्हणताना त्यांची पाठ सरळ व्हायची, ते वाक्य खोटं निघालं — आणि खोटं आहे हे सांगणारा मी, छापांचा जाणकार. ते माझ्याकडं तीनदा आले. पहिल्यांदा विचारलं, छाप झिजून जातो काय रे? मी म्हटलं, जातो, पण हा गेलेला नाही. दुसऱ्यांदा विचारलं, सायब दुसरो बाण मारूक विसरलो असात काय? मी म्हटलं, गोरे विसरत नाहीत. तिसऱ्यांदा त्यांनी काही वळणं घेतली नाहीत. संध्याकाळी नळावर गर्दी होती, बालदी बाजूला ठेवून मला म्हणाले, “चोर होतो काय रे माझो बापूस?”

तुम्ही काय म्हणाला असता? नाही, सांगाच.

मी म्हणालो, “छाप आहे तसा आहे, तात्या.”

पुढच्या पितृपक्षात तात्यांनी बापाचा म्हाळ घातला नाही. दरवर्षी कोंबड्या आरवायच्या आधी उठून, गावाहून तांदूळ मागवून, कावळ्याला पान ठेवून मगच जेवणारा माणूस. बायकांनी समजावलं, गावच्या भटजीनं निरोप धाडला. ते म्हणाले, चोरट्याक मी पान वाढूचंय नाय. मेलेल्या बापाला त्यांनी उपाशी ठेवलं. तात्या असेपर्यंत दर वर्षी ठेवलं. समोर माझ्या खोलीत माझ्या बापाचा म्हाळ व्हायचा, वडे तळल्याचा वास गॅलरीत जायचा, आणि तात्या दार लोटून आत बसायचे. माझ्या ट्रंकेत वही होती. ती ट्रंक आमच्या पलंगाखाली. पलंगावर पाहुणे बसून वडे खायचे.

काही वर्षांनी तात्या वारले. दाजीची केस पुढं पुराव्याअभावी निकाली निघाली. बंदूक परत मिळाली नाही. भंगारात वितळली म्हणतात. चाळ पाडायला निघाली तेव्हा आम्ही सगळे पांगलो.

आणि मी? मी मोठा झालो. जुन्या हत्यारांचे शौकीन लोक असतात, काचेच्या कपाटांत बंदुका ठेवणारे. त्यांना माझा पत्ता लागला. मी त्यांच्या घरी जाऊन छाप वाचायचो आणि चहाबरोबर गोष्ट सांगायचो — संपातली बंदूक, मिशीवाला फौजदार, माझा अंगठा. गोष्टीत मी दाजीचा आवाज काढायचो, मालवणी हेल काढून. लोक हसून लोटपोट व्हायचे. गेल्या वर्षी त्यांनी दादरच्या हॉलात मला शाल आणि नारळ दिला. मी तीच गोष्ट सांगितली, “एकच बाण” म्हणताना बोट वर केलं, टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर एका बाईनं विचारलं, त्या माणसाचं पुढं काय झालं हो? चाळीस वर्षांत हे विचारणारी पहिली. मी म्हणालो, सुटला.

त्या बाईचासुद्धा मला राग आला. घरी येईपर्यंत मी तिला मनातल्या मनात झोडपत होतो — हिला काय करायचं, गोष्ट ऐकावी आणि गप्प बसावं. तात्यांचा राग आला, पुसू दिलं नाही म्हणून. फौजदाराचा आला, साहेब म्हणाला म्हणून. दाजीचासुद्धा आला — एवढा ओरडला नसता, तर मला एवढं पुढं यावं लागलं नसतं. सगळ्यांना एकेक करून उभं केलं आणि एकेक करून सोडून द्यावं लागलं. शेवटी समोर कोण राहिलं ते तुम्हाला सांगायला नको. शाल अजून खांद्यावर होती.

दाजी आता करी रोडला टॉवरमध्ये मुलीकडं राहतो. मागच्या आठवड्यात मी ब्लेडनं वहीतलं पहिलं पान कापलं आणि सकाळी दहाला त्याच्याकडं गेलो. मुलीनं दार उघडलं, पाणी दिलं आणि आत गेली. दाजी खिडकीशी खुर्चीत बसला होता. ऐंशीचा झालाय, ओरडणारा आवाज कुठं राहिला नाही. मी बसलो नाही. पान त्याच्या मांडीवर ठेवलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं — दोन बाण, मधलं पान, सहा पावलं, वकील, तात्यांचे तीन प्रश्न. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट मी तिखटमीठ न लावता सांगितली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

त्यानं चष्मा लावला. पान उजेडाकडं धरलं. एका बाणावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. मग घडी न घालता त्यानं पान माझ्याकडं परत दिलं.

“ह्या तात्यांका दाखवूक व्हया होता,” तो म्हणाला.